किंडरगार्टनमधली बाग गेली कुठे?



मूल पाच वर्षांचं झालं की आपण त्याला किंडरगार्टनमध्ये घालतो. लसीकरणाचे कागद, पत्त्याचा पुरावा, जेवणाचा डबा ह्या धांदलीत त्या शब्दाकडे कुणाचं लक्ष जात नाही. शब्द जर्मन आहे. किंडर म्हणजे मुलं आणि गार्टन म्हणजे बाग. मुलांची बाग! वर्गात जाऊन पाहावं तर गालिचा असतो, क्रेयॉन्स असतात, छोट्या खुर्च्या असतात, पण बाग काही दिसत नाही. खिडकीत प्लॅस्टिकच्या पेल्यात एखादा घेवड्याचा दाणा उगवलेला असतो, तेवढाच काय तो पूर्वजांचा अंश. ही बाग कुठून आली आणि कुठे गेली, ही गोष्ट मोठी रंजक आहे. शिवाय आपल्यासारख्या परक्या देशात येऊन राहिलेल्या कुटुंबांचा तिच्याशी चांगलाच संबंध आहे. आता वसंत ऋतू तोंडावर आला आहे आणि आपल्यातले बरेच जण मेथी कधी पेरायची ह्याची चर्चा करू लागले आहेत, तेव्हा ती सांगायला हीच वेळ बरी.

फ्रीडरिश फ्रोबेल हा जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या एका पाद्र्याचा मुलगा, जन्म १७८२. तो नऊ महिन्यांचा असतानाच आई गेली. वडील धर्मकार्यात गढलेले, सावत्र आईला ह्या मुलात फारसा रस नाही. त्यामुळे त्याचा वेळ बराचसा एकट्याने, घरामागच्या बागेत आणि आसपासच्या जंगलात जाई. पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. पुढे बरेच उद्योग करून १८१४ साली तो बर्लिनला ख्रिस्तियान वाइस ह्या प्राध्यापकाच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहालयात मदतनीस झाला. वाइस म्हणजे स्फटिकशास्त्राच्या पाया घालणाऱ्यांपैकी एक. आमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव येतं, पण त्याच्या हाताखाली स्फटिक लावून ठेवणारा हा मदतनीस पुढे जगभरच्या लहान मुलांचा गुरू झाला, हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. स्फटिक आतून बाहेर वाढतो, आपल्याच नियमाने वाढतो, आणि बाहेरून ठोकून त्याला आकार देता येत नाही. मूलही तसंच, असं फ्रोबेलला तिथे वाटू लागलं. रोप आणि स्फटिक ह्या दोन्ही उपमा त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत हातात हात घालून चालतात.

१८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग ह्या गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था सुरू केली. तिला नाव काय द्यावं हे बरेच दिवस सुचेना. १८४०च्या वसंतात सहकाऱ्यांबरोबर डोंगरातून चालत असताना 'किंडरगार्टन' हा शब्द त्याला एकदम सुचला आणि तो आनंदाने ओरडला, असं सांगतात.

पुष्कळ लोक समजतात की हे नाव नुसतं अलंकारिक आहे, म्हणजे मुलं ही रोपटी आणि बाई माळीण. तसा अर्थ आहेच, पण फ्रोबेलला खरीखुरी मातीची बागही हवी होती, आणि तिचा आराखडा त्याने व्यवस्थित लिहून ठेवला आहे. मध्यभागी प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक छोटा वाफा. जागा कमी असेल तर दोघांत एक. वाफ्यावर मुलाच्या नावाची पाटी. ह्या सगळ्या छोट्या वाफ्यांच्या भोवती, त्यांना कुशीत घेतल्यासारखी, सगळ्यांची सामाईक बाग. तिच्या एका भागात फुलं आणि एका भागात भाजी-धान्य. सामाईक बागेत बाई सांगतील तसं करायचं, ठरलेल्या वेळी पाणी, ठरलेल्या अंतरावर बी. पण स्वतःच्या वाफ्यात मुलाने काय लावायचं, कसं लावायचं, हे त्याचं त्यानेच ठरवायचं! उद्या त्याने बी उकरून बघितलं, पाणी घालायला विसरला, एकाच खड्ड्यात मूठभर दाणे टाकले, तरी मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. आपल्या वागण्याचा रोपावर काय परिणाम होतो हे रोपच त्याला दाखवेल, आणि शेजारी सामाईक वाफ्यात नीट वाढलेलं रोप तुलनेला आहेच. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर एक प्रयोग आणि शेजारी एक कंट्रोल. इतकी साधी आणि इतकी पक्की मांडणी मी बालशिक्षणाच्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही.

१८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण काय, तर फ्रोबेलचा पुतण्या कार्ल हा समाजवादी विचारांचा लेखक होता, आणि सरकारने काका-पुतण्याच्या विचारांची गल्लत केली. फ्रोबेल पुढच्याच वर्षी, जून १८५२ मध्ये वारला. बंदी उठली १८६० साली. पण १८४८ची क्रांती फसल्यावर हजारो जर्मन कुटुंबं देश सोडून निघाली होती, आणि त्यांच्या सामानातून किंडरगार्टन अमेरिकेत आलं.

आता इथे जरा थांबायला हवं. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन सुरू झालं १८५६ साली, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटरटाउन गावात. ते चालवणाऱ्या बाई म्हणजे मार्गारेटे शुर्झ. त्यांचे पती कार्ल शुर्झ पुढे सिनेटर झाले, देशाचे अंतर्गत खात्याचे मंत्रीही झाले. ही शाळा काही कुठल्या शिक्षणमंडळाने काढली नव्हती. परमुलखात आलेल्या एका आईने स्वतःच्या घरात, स्वतःची मुलगी आणि नात्यागोत्यातली चार मुलं जमवून ती सुरू केली. शाळेची भाषा कोणती? जर्मन! इंग्रजीतलं पहिलं किंडरगार्टन एलिझाबेथ पीबडी ह्यांनी बॉस्टनमध्ये काढलं ते १८६० साली, म्हणजे चार वर्षांनी. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला "कशाला हा अट्टहास?" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ज्या वर्गाला आपण आज अगदी अस्सल अमेरिकन समजतो, तो इथे मातृभाषेच्या घरगुती वर्गाच्या रूपानेच पोचला.

१८७३ साली सेंट लुइस शहराने सरकारी शाळेत किंडरगार्टन आणलं, सुसान ब्लो ह्या बाईंच्या पुढाकाराने. मग ते शहरोशहरी गेलं, आणि तिथेच बाग सुटली. विटांच्या इमारतीत, साठ-साठ मुलांच्या वर्गात वाफे कुठून काढणार? फ्रोबेलचे चेंडू आणि लाकडी ठोकळे कपाटात मावत होते, ते राहिले. नावात बाग राहिली.

अर्थात ह्या भूमीवर मुलांनी शेतात रमण्याची रीत जर्मन लोकांनी आणली असं मुळीच नाही. ती त्याच्या कितीतरी आधीची. मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा लोकांमधली बफेलो बर्ड वुमन नावाची एक आजी होती, जन्म १८३९च्या सुमाराचा. गिल्बर्ट विल्सन ह्या अभ्यासकाने तिच्या तोंडून तिच्या शेतीची सगळी हकिगत लिहून घेतली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध झाली. ते पुस्तक लायब्ररीतून आणून जरूर वाचा. मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल ही त्यांची पिकं. शेतं बायकांची. मक्याला कणसं धरली की शेतात लाकडी माच उभारायचे आणि दहा-बारा वर्षांच्या मुली त्यावर बसून पीक राखायच्या, कावळे हाकलायच्या आणि दिवसभर मक्याला गाणी म्हणायच्या. आई लेकराला म्हणते तशी. मक्याला ती आवडतात अशी त्यांची समजूत. वाटेने एखादा मुलगा निघाला तर त्याची थट्टा करणारी गाणीही तयार असत!

हे वाचताना ज्वारीच्या शेतातला माळा आणि त्यावर गोफण घेऊन पाखरं राखणारी पोरं डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या आईवडिलांचं बालपण सोलापूर-नगरकडे गेलं आहे त्यांनी फोनवर विचारून पाहावं, त्यांच्याकडे माळ्यावरच्या गोष्टी निघतील. आणि गंमत म्हणजे मका, मिरची, टोमॅटो, बटाटा, लाल भोपळा ही सगळी आपल्या स्वयंपाकघरातली मंडळी मूळची ह्याच खंडांतली. त्या अर्थाने आपली भाजी आपल्या आधी चारशे वर्षं हा प्रवास उलट्या दिशेने करून आलेली आहे.

शाळेला जोडलेली बाग अमेरिकेत परत आली ती १८९१ साली, बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातल्या जॉर्ज पटनम शाळेत. हेन्री क्लॅप हे तिथले मुख्याध्यापक युरोपातल्या शाळाबागा पाहून आले होते. सुरुवात रानफुलांपासून झाली, भाज्या नंतर आल्या.

त्याहून मजेची हकिगत ओहायोमधल्या डेटन गावची. जॉन पॅटरसन ह्यांचा दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवायचा मोठा कारखाना होता. आजूबाजूच्या गरीब वस्तीतली पोरं येता-जाता कारखान्याच्या काचा फोडायची. पॅटरसननी पोलीस बोलवण्याऐवजी १८९७ साली पोरांना कारखान्याजवळची जमीन, बी आणि अवजारं दिली आणि शिकवायला एक माणूस नेमला. स्वतः शेतावर वाढलेले असल्याने रिकाम्या हातांना काय लागतं हे त्यांना ठाऊक होतं. पुढे त्या पोरांनी आपल्या बागेची रीतसर कंपनी काढली! क्लीव्हलँडमध्ये १९०० सालापासून शाळेतून मुलांना एका सेंटला बियांची पुडी मिळू लागली. एक सेंट तरी का घ्यायचा? तर विकत घेतलेली वस्तू मूल जपतं म्हणून. १९०६च्या सुमारास सरकारी शेतकी खात्याचा अंदाज होता की देशात ७५,००० शाळाबागा आहेत.

न्यूयॉर्कची बाग मात्र जरा निराळ्या नजरेने पाहायला हवी. १९०२ साली फॅनी ग्रिस्कम पार्सन्स ह्या बाईंनी मॅनहॅटनच्या पश्चिम टोकाला, हेल्स किचन ह्या बदनाम वस्तीत, डी विट क्लिंटन पार्कच्या अर्धवट तयार जागेत मुलांची शेती सुरू केली. दगड-कचरा मुलांनीच उपसला. प्रत्येकाला एक वाफा. मुलं बहुतेक नव्याने आलेल्या, दाटीवाटीने राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांतली. काम फार मोलाचं झालं ह्यात शंका नाही. एका बिऱ्हाडात आठ-दहा माणसं राहत असतील तिथल्या मुलाला स्वतःच्या नावाची चार हात जमीन मिळाली, ही काय लहान गोष्ट आहे? पण पार्सन्सबाईंनी हेतू लिहून ठेवला आहे, आणि त्यात गाजर-मुळ्यापेक्षा शिस्त, प्रामाणिकपणा, काटकसर, सार्वजनिक मालमत्तेची काळजी ह्यांनाच जास्त मान आहे. वाफे एकसारखे आणि भाज्या ठरवून दिलेल्या. शिवाय एक छोटं घर होतं, तिथे मुलींना घरकामाचे धडे. परदेशी लोकांच्या मुलांना 'चांगलं अमेरिकन' करणं, हे त्या काळच्या अशा बहुतेक बागांचं उघड उद्दिष्ट होतं. फ्रोबेलच्या आराखड्यातली सामाईक बाग इथे होती, पण "तुझ्या वाफ्यात तू ठरव" हा भाग गळून पडला होता. माझ्या मते तोच त्या आराखड्याचा गाभा होता.

पहिल्या महायुद्धात तर ह्याची कमाल झाली. अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली, आणि पुढच्या वर्षी केंद्रीय शिक्षण खात्याने युद्धनिधीच्या पैशांतून चक्क 'शाळाबागांची सेना' उभारली. मुलं म्हणजे मातीतले सैनिक. त्यांना बिल्ले, शिपाई-लेफ्टनंट-कॅप्टन अशा पदव्या, आणि भिंतीभिंतींवर भडक पोस्टरं. १९१८ साली सुमारे १५ लाख मुलांनी नाव नोंदवल्याचं सरकारने जाहीर केलं. एका पोस्टरवर भाज्या आणि अवजारं घेऊन निघालेल्या मुलांची मिरवणूक पुंगीवाल्याच्या मागे चालली आहे. पुंगीवाल्याच्या मूळ गोष्टीत मुलं परत येत नाहीत, हे चित्र मंजूर करणाऱ्यांच्या ध्यानात कसं आलं नाही कोण जाणे! ते चित्र काढलं मॅगिनेल राइट ह्यांनी. प्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट ह्यांची ही धाकटी बहीण. आणि खुद्द फ्रँक लहानपणी फ्रोबेलचेच ठोकळे घेऊन खेळले होते. त्यांच्या आईने ते १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात पाहिले होते. मोठेपणीही आपल्या बोटांत ते ठोकळे अजून आहेत असं ते सांगत. म्हणजे एकाच घरात फ्रोबेलचे ठोकळे एका भावंडाच्या हाती आले आणि फ्रोबेलच्या बागेचं लष्कर दुसऱ्याच्या.

युद्ध संपलं, पैसा आटला आणि ती सेनाही विसर्जित झाली. मुलांची गोडी संपली म्हणून नाही, मोठ्यांचं काम झालं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात हाच खेळ पुन्हा झाला. १९४४ च्या सुमारास देशात सुमारे दोन कोटी 'विजयबागा' होत्या आणि ताज्या भाजीपैकी साधारण ४० टक्के भाजी त्यांतून येत होती असं म्हणतात. १९४३ साली एलिनॉर रूझवेल्ट ह्यांनी व्हाइट हाउसच्या अंगणात वाफे काढवले, आणि ते राखण्याचं काम केलं राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हॅरी हॉपकिन्स ह्यांच्या लहानग्या मुलीने, डायना तिचं नाव. शांतता झाली आणि बहुतेक वाफ्यांवर पुन्हा हिरवळ आली. मिशेल ओबामांनी २००९च्या मार्चमध्ये शाळेतल्या मुलांना बोलावून व्हाइट हाउसच्या हिरवळीत कुदळ मारली, तोवर साठ-पासष्ट वर्षं गेली होती.

टिकली कोणती? ब्रुकलिनच्या वनस्पतिउद्यानातली मुलांची बाग. एलन एडी शॉ ह्यांनी ती १९१४ साली सुरू केली, आणि दोन महायुद्धं, मंदी, सगळं पाहून ती आजही चालू आहे. मुलं पेरतात, राखतात आणि पीक घरी घेऊन जातात. तिकडे जाणं झालं तर फक्त चेरीचा बहर पाहून परत फिरू नका. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या मार्टिन लूथर किंग शाळेत अ‍ॅलिस वॉटर्स ह्यांनी १९९५ साली बाग आणि स्वयंपाकघर जोडून काढलं, तेही पाहण्यासारखं आहे.

आता आपल्याकडचं. किंडरगार्टनला मराठीत आपण काय म्हणतो? बालवाडी! कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. म्हणजे कळत-नकळत हा शब्द फ्रोबेलच्या शब्दाचा सख्खा भाऊच. हा शब्द रुजवणाऱ्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (हल्लीच्या पालघर जिल्ह्यात) बोर्डीला आल्या, जिथे चिकूच्या वाड्या आहेत. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा गारगोट्या, शिंपले, पानं, फुलं, बिया हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, त्यातूनच पुढे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झालं. मुलं गुरं राखायला जातात, तर शाळाही कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. ताराबाईंची अंगणातली शाळा पुढे सबंध देशात पसरली, १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून. मला ह्या इतिहासातलं हे प्रकरण सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण इथे मुलाला उचलून मोठ्यांच्या बागेत नेलेलं नाही, मूल होतं तिथेच वाडी मानली.

मग आपण काय करावं? बॅकयार्डमध्ये किंवा बाल्कनीतल्या कुंडीत प्रत्येक मुलाला त्याचा एक वाफा द्या, नावाची पाटी लावा, पाटी मराठीत असली तर उत्तम. बाकीचा वाफा तुमचा आणि आजी-आजोबांचा. मुलाच्या वाफ्यातलं तण रात्री गुपचूप काढायचं नाही! मुळा पंचवीस-तीस दिवसांत हाती येतो आणि मेथी उन्हाळी मातीत दोन-तीन दिवसांत डोकं वर काढते, म्हणून अधीर वयाला ह्या दोन गोष्टी चांगल्या. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे चालतात. भारतातून पर्समध्ये बी आणण्याची गरज नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय ते आणणं कायद्यात बसतही नाही. मका, त्यावर चढणारा घेवडा आणि खाली पसरणारा भोपळा ही इथली जुनी त्रयी एका कोपऱ्यात लावून पाहा. कोवळ्या भोपळ्यावर खिळ्याने हलक्या हाताने नाव कोरलं तर भोपळ्याबरोबर तेही मोठं होतं. सप्टेंबरात घेवडा उपटाल तेव्हा मुळांवरच्या बारीक गाठी मुलांना चिरून दाखवा. आतून गुलाबी दिसल्या तर त्यांतले जंतू हवेतला नायट्रोजन बांधण्याच्या कामात आहेत. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा, त्यातही लोहच असतं.

एक गोष्ट मात्र केमिस्ट म्हणून बजावून सांगतो. घर १९७८च्या आधीचं असेल तर भिंतीच्या कडेच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. मोठ्या रस्त्यालगतच्या मातीत पेट्रोलमधलं. गाड्यांच्या पेट्रोलमध्ये ते १९२३ पासून होतं आणि अमेरिकेत पूर्ण बंद व्हायला १९९६ साल उजाडलं. शिसं कुजत नाही, विरघळून जात नाही, जिथे पडलं तिथेच राहतं, आणि लहान मुलं मातीचे हात तोंडात घालतात. सरकारने घराच्या अंगणातल्या मातीसाठीची धोक्याची पातळी जानेवारी २०२४ मध्ये दहा लाख भागांत ४०० वरून २०० वर आणली, ह्यावरून समजा. बहुतेक राज्यांतल्या विद्यापीठांच्या शेतकी विस्तार केंद्रात थोड्या पैशांत माती तपासून मिळते. शंका असेल तर लाकडी चौकट करून विकतची माती भरा, आणि पालेभाज्या व मुळं भिंतीपासून लांब लावा. तपासणीचा कागद वाचता आला नाही तर मला फोन करा, मी समजावून सांगेन.

मुळा, मेथी आणि घेवड्याचं बी मी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला घेऊन येणार आहे. बटाटेवड्यांच्या टेबलाशेजारी बसेन. मुलांना स्वतः यायला सांगा, हातात एक रिकामा लिफाफा आणि क्लीव्हलँडच्या चालीवर एक सेंट.